हा तंबोरा लावलाय कोणी?

गेल्या पावसाळ्यात आत्या काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. तिचे सगळे तरुणपण मिरजेत गाणे शिकण्यात गेले. आता गुडघ्यांमुळे तंबोरा घेऊन बसता येत नाही, पण कान जिथल्या तिथे आहेत. एका दुपारी बाहेर पाऊस लागून राहिला होता. ती आत झोपली असेल अशा समजुतीने मी दिवाणखान्यातल्या स्पीकरवर फ्रेंच संगीतकार एलियान रादीग यांच्या ‘आदनोस’चा पहिला भाग लावला होता. 1974 सालची ही रचना तासाहून अधिक चालते. तिच्यात ताल नाही, चाल नाही, सिंथेसायझरचा एक खोल, सलग आवाज तेवढा आहे, आणि तो इतक्या संथपणे बदलतो की बदल झाला हे बऱ्याचदा नंतरच उमगते. आत्या झोपली नव्हती. ती जेवणाच्या टेबलाशी गवार मोडत बसली होती, आणि बऱ्याच वेळाने तिथूनच म्हणाली, “हा तंबोरा लावलाय कोणी? जोड केव्हाची सुटलीय, आणि कुणाला पत्ता नाही.” जोड म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या, एकाच स्वरात मिळवायच्या दोन तारा. मी सांगितले की हा तंबोरा नाही, यंत्र आहे, पॅरिसमध्ये एका बाईंनी केलेले काम आहे. “मग यंत्राला तरी कळायला नको?” असे म्हणून तिने पुढची शेंग उचलली.

तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. या प्रकारच्या संगीतावर परदेशी समीक्षकांनी लिहिलेले मी बरेच वाचले आहे. त्यात काळाचा अनुभव, अवकाश, ध्यान असे मोठे शब्द वारंवार येतात. आत्याने त्यातले काहीही न वाचता, गवार मोडता मोडता, नेमकी तीच गोष्ट ऐकली जी त्या रचनेचा गाभा आहे. दोन स्वर जवळजवळ एकाच ठिकाणी आहेत, आणि ते तसूभर एकमेकांपासून सुटलेले आहेत. एक स्वर सेकंदाला 100 आंदोलनांचा आणि दुसरा 100.5 आंदोलनांचा असेल, तर दोन्ही मिळून दर दोन सेकंदांना एक डोल ऐकू येतो. आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. फरक वाढवला की डोल जलद होतो, कमी केला की लांबतो, आणि स्वर तंतोतंत मिळाले की थांबतो. आत्यासारख्या माणसाची सगळी तालीम तो डोल थांबवण्यात गेलेली असते. रादीग यांची सगळी कला तो चालू ठेवण्यात आहे.

त्यांचे यंत्र बेसूर होते म्हणून असे ऐकू येते, असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये घेतलेला आर्प 2500 हा सिंथेसायझर त्या काळच्या इतर यंत्रांच्या तुलनेत स्वराला पक्का म्हणून ओळखला जात असे. कपाटाएवढे ते यंत्र त्यांनी पॅरिसला नेले, पण सोबतचा कीबोर्ड तिकडेच ठेवून दिला. पट्ट्या समोर असल्या की बोटे आपोआप त्यांच्याकडे वळतात, हे त्यांना ठाऊक असावे. पट्ट्या नाहीत, म्हणजे ठरावीक बारा स्वरांचे बंधन नाही. उरतात त्या बटणांच्या रांगा आणि एखादे बटण केसाच्या अंतराने फिरवणारा हात. ‘आदनोस’मध्ये जी जोड सुटते ती यंत्राच्या ढिलेपणाने सुटत नाही, ती माणसाने, डोळ्यांत तेल घालून, हळूहळू सोडवलेली आहे. आधी एकेक लांबलचक आवाज टेपवर भरून घ्यायचा. मग अनेक टेपरेकॉर्डर लावून, समोर वेळेचा आराखडा आणि घड्याळ ठेवून, हे सगळे आवाज एकमेकांत विरघळवत शेवटची टेप एका दमात तयार करायची. तासाभराच्या कामात पन्नासाव्या मिनिटाला हात घसरला तर पुन्हा पहिल्यापासून. एकेका रचनेला वर्षे लागत यात मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की हे सारे त्या स्वतःच्या घरात, एकट्याने, पुढे कोण ऐकेल याची फारशी खात्री नसताना करत होत्या.

आत्याच्या गुरुजींकडे मी लहानपणी सुट्टीत तिच्याबरोबर जात असे. गाण्यातले मला काही कळत नसे, पण तंबोरा लावण्याचा तो वेळ मला गाण्यापेक्षाही आवडायचा. आधी खुंट्या करकरायच्या, मग घोडीच्या खालचे मणी नखाने पुढेमागे सरकवले जायचे. मधल्या दोन जोडीच्या तारा छेडल्या की त्यांच्या भांडणाचा एक थरथरता आवाज यायचा, मणी सरकताना तो संथ व्हायचा, आणि एका क्षणी दोन तारांची एक तार व्हायची. त्यानंतर गुरुजी घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा चिमटीत धरून किंचित हलवत. दोरा एका जागी असला की तार नुसतीच वाजते, कोरडी. एखाद्या दोऱ्याइतका तो पुढे गेला की तीच तार उघडते आणि तिच्यातून वरच्या स्वरांचा झणत्कार बाहेर पडतो. जवारी खुलली म्हणतात ती हीच. मग कोणीही न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून आपण होऊन ऐकू येऊ लागे. “ऐक, आला बघ,” असे गुरुजी दर वेळी म्हणत, जणू दारात पाहुणा आला आहे. जमिनीवर मांडी घालून बसलेला मी तो गंधार ऐकायला शिकलो, आणि आज रादीग यांच्या ध्वनिमुद्रणात कुठूनसा वर तरंगणारा, कोणी न वाजवलेला बारीक स्वर मला सापडतो तो त्या शिदोरीवर, याबद्दल मला शंका नाही.

गंमत अशी की गुरुजींकडच्या खोलीत जो आवाज सर्वांत अधिक जागा व्यापून असायचा, तो आपल्या ध्वनिमुद्रिकांत जवळपास सापडतच नाही. जुन्या 78 गतीच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात स्थायी, अंतरा, ताना बसवायच्या असल्यावर तंबोऱ्याकडे कोण बघणार? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मी किती तरी वेळा ऐकल्या आहेत, त्यांत तंबोरा शोधावा लागतो. खाँसाहेब म्हणजे श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, बाबतीत अत्यंत काटेकोर माणूस. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत श्रुती मोजण्याचा जो उद्योग आरंभला होता, त्यात त्यांचे साहाय्य होते. इतक्या सूक्ष्म कानाच्या गायकाचा स्वर ज्या पायावर उभा होता तो पाया तबकडीने खरवडून टाकला आणि वरची इमारत तेवढी आपल्या हाती दिली. पुढे एलपी आल्या, कॅसेट आल्या, वेळ वाढला, तरी तंबोरा मागेच राहिला. आता तर रियाजाला मोबाइलमधला तंबोरा असतो. तो उतरत नाही, जवारी मागत नाही, आणि कोणाला लावावाही लागत नाही. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो, पण दोन तारा मिळण्याआधीचे ते भांडण नव्या शिष्याला ऐकायला मिळत नाही याची मला चुटपुट लागते.

रादीग यांच्याकडे जे आले ते रेडिओवरून आणि टेपवरून. पिएर शेफेर यांनी 1948 साली पॅरिसच्या रेडिओवर आगगाडीच्या आवाजांची एक छोटी रचना ऐकवली आणि ध्वनिमुद्रित आवाजांपासूनच संगीत रचण्याची वाट उघडली. तबकडीवर बंद खाच कापायची, म्हणजे सुई पुढे न जाता तोच तुकडा फिरत राहतो, हे त्यांचे एक मुख्य साधन होते. आपल्याकडे सुई अडकली की घरातले कोणी तरी धावत जाऊन ती उचलत असे. शेफेर ती अडकवत होते. रादीग यांनी 1950 च्या दशकात त्यांच्याकडे आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस संगीतकार पिएर आंरी यांच्याकडे टेप कापण्या-जोडण्याचे काम केले. मात्र या दोघांच्या कापाकापीत त्यांचे मन रमले नाही. त्यांना सापडला तो माइक आणि स्पीकर यांच्यामधला आवाज. गणपतीच्या मांडवात ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणताच जी कर्णकर्कश शीळ निघते आणि मंडळाचा कार्यकर्ता कानावर हात ठेवून मागे पळतो, ती तीच. माइक स्पीकरपासून अगदी योग्य अंतरावर धरला तर ती शीळ किंचाळत नाही, गुणगुणते. बोटभर पुढे सरकवला की स्वर बदलतो, जरा जास्त झाले की निसटून जातो. रादीग यांच्या सुरुवातीच्या रचना या अंतरावर उभ्या आहेत. पुढे आर्प आला तरी काम तेच राहिले: एका अस्थिर गोष्टीला काबूत न आणता तिच्यासोबत चालायचे.

हे संगीत रंगमंचावरचे नव्हे. मैफल होते तेव्हाही वाजवणारे कोणी नसते. टेप लागते आणि आवाज कुठून येतो ते कळू नये अशा बेताने स्पीकर खोलीभर मांडलेले असतात. ध्वनिमुद्रण हीच इथे मूळ कृती आहे. त्यामुळे ती कशावर छापली जाते हा प्रश्न एखाद्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा इथे फार कळीचा ठरतो. एलपीची बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपते. तासाभराच्या सलग रचनेच्या मध्यात उठून तबकडी उलटायची म्हणजे रचनेचा खून करण्यासारखे आहे, आणि शांत पट्ट्यात सुईचा खरखराट वेगळा. त्यांचे मोठे काम लोकांच्या घरी पोहोचले ते सीडी आल्यावरच. ‘त्रिलोजी द ला मोर’ या तीन भागांच्या रचनेतला ‘क्येमा’ 1988 मध्ये पूर्ण झाला. तिन्ही भाग एकत्र सीडींवर आले तोवर 1998 उजाडले होते.

आज हे सगळे मोबाइलवर बोटासरशी मिळते, आणि ते मिळते याचा मला आनंद आहे. तरीही दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे आवाज पेलत नाहीत. ‘आदनोस’ त्यावर लावले तर आवाज बंद आहे असेच वाटते, कारण रचनेचा सगळा भार खर्जात आहे. शिवाय फाइल लहान करणारी पद्धत जे कानाला जाणवणार नाही असे तिला वाटते ते गाळून टाकते, आणि रादीग यांचे अर्धे काम जाणवते-न जाणवते अशा सीमेवरच चालते. दुसरी तक्रार अधिक मनापासूनची आहे. या रचना झोपेसाठी, ताण घालवण्यासाठी, योगासनांसाठी बनवलेल्या गोड गुंगीच्या यादीत सर्रास घुसडल्या जातात. रादीग यांनी 1975 च्या सुमारास तिबेटी बौद्ध मार्ग स्वीकारला, काही काळ संगीत सोडले, आणि नंतर गुरूंच्याच सांगण्यावरून त्या पुन्हा यंत्राकडे वळल्या. तेवढ्यावरून लोकांनी ‘ध्यानाचे संगीत’ अशी चिठ्ठी लावून टाकली. ज्याने हे कधी मन लावून ऐकले असेल त्याला ठाऊक असेल की झोप येणे तर दूरच, इथे कान दमतात. मला अनेकदा कंटाळा आला आहे, अगदी उठून चहा टाकावा इतका. तो कंटाळा ओलांडला की कधी कधी विलक्षण काही हाती लागते आणि कधी कधी पलीकडे आणखी कंटाळाच असतो. हे मान्य न करणाऱ्या रसिकांवर माझा फारसा विश्वास नाही.

या संगीताचा एक दुष्परिणाम मात्र मला आवडतो: घर ऐकू येऊ लागते. ‘क्येमा’ चालू असताना स्वयंपाकघरातल्या फ्रीजने सूर धरला की काही वेळ दोन्ही आवाज वेगळे काढता येत नाहीत. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते आणि मोटारी-ट्रान्सफॉर्मरची घरघर बहुधा त्याच्या दुप्पट, 100 आंदोलनांवर येते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढी. आपण सगळे जन्मभर या एका षड्जात राहतो आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. रादीग पूर्वी नीसच्या विमानतळाजवळ राहत असत, तेव्हा त्या विमानांचे आवाज अशाच कान देऊन ऐकत. तिकडे अमेरिकेत वीज 60 वर चालते, आणि 1964 च्या सुमारास संगीतकार ला माँट यंग आणि त्यांचे साथीदार चक्क त्याच घरघरीशी आपले सलग स्वर मिळवत होते. यंग यांच्या पाळीव कासवाच्या टाकीची मोटार हा त्यांचा एक तंबोराच होता म्हणा ना. याच यंग यांनी पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचा गंडा बांधला. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ हे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे नातलग. म्हणजे आत्याच्या मिरजेपासून यंग यांच्या न्यूयॉर्कमधल्या माडीपर्यंतचा रस्ता वाटतो तेवढा लांबचा नाही. तिथूनच एक ध्वनिमुद्रिका निघाली, जिच्यात तासाहून अधिक वेळ फक्त प्राणनाथांचे तंबोरे वाजतात. गायक नाही, तबला नाही, बंदिश नाही. आपल्या कंपन्यांनी जो आवाज इतकी वर्षे मागे सारला त्यालाच कोणी तरी पुढच्या पाटावर बसवले, आणि ते करायला माणसे परमुलखातली निघाली, याचे मला थोडे वाईट वाटते.

अर्थात आपल्याकडे काहीच घडले नाही असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला आणि गीता साराभाईंपासून काही मंडळींनी दोन-तीन वर्षे तिथे प्रयोग केले. त्या टेपा नंतर कितीतरी वर्षे पडून होत्या. 2023 मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रकाशित झाल्या. मी त्या उत्सुकतेने ऐकल्या. त्यांत चमक आहे, पण बऱ्याचशा नव्या यंत्राची चाचपणी करताना काढलेल्या रेखाटनांसारख्या वाटतात. यंत्राशी वीस-तीस वर्षांचा संसार करायला कोणाला मिळाला असता तर काय झाले असते, हा विचार त्या ऐकताना पाठ सोडत नाही.

‘त्रिलोजी’बद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. ‘क्येमा’ मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्या दरम्यानच्या अवस्थांवर बेतलेली आहे. ती झाल्यानंतर 1989 मध्ये रादीग यांचा मुलगा मोटार अपघातात गेला. मग ‘कैलाशा’ आली, कैलास पर्वताभोवतीच्या मनातल्या प्रदक्षिणेची. शेवटी 1993 पर्यंत ‘कूमे’. हे ठाऊक असल्यावर ऐकणारा शोक शोधू लागतो, आणि मला तो या ध्वनिमुद्रणात कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही. हुंदका नाही, पडलेला स्वर नाही. ‘कैलाशा’च्या मध्यावर दोन खालचे स्वर एकमेकांजवळ येतात, आता मिळणार असे वाटते, आणि पुन्हा लांबतात; मला छातीत काही तरी दाबल्यासारखे होते. ते त्या बाईंचे आहे की माझे, हे ठरवायचा खटाटोप मी हल्ली करत नाही.

आणि एवढे सगळे टेपवर रचून झाल्यावर त्यांनी टेपच सोडून दिली. 2000 च्या सुमारास आर्पवरची शेवटची रचना झाली. 2005 मध्ये चार्ल्स कर्टिस या चेलोवादकासाठी त्यांनी ‘नालजोर्लाक’ रचली. चेलोत एक जागा अशी असते जिथे स्वर नीट लागत नाही; तार आणि लाकडी पेटी यांचे कंपन आपसात भांडते आणि आवाज गुरगुरतो. वादक ती जागा चुकवत जातात. इथे साऱ्या तारा, इतकेच काय तारा अडकवायची पट्टीदेखील, त्या गुरगुरणाऱ्या स्वराकडेच जुळवून घेतली आहे. भांडणाच्या ठिकाणीच तंबोरा लावल्यासारखे हे आहे. तार ओढली की ती जागा सरकते, म्हणून पुन्हा ओढायची, पुन्हा शोधायची. हवेत दमटपणा असेल तर आणखी निराळे. त्यानंतर 2011 पासूनच्या ‘ऑकॅम’ मालिकेत स्वरलिपीही नाही. वादकाने त्यांच्यासमोर बसायचे, पाण्याचे एखादे चित्र मनात धरायचे, त्या बोलणार, तो वाजवणार, पुन्हा त्या बोलणार. तयार झालेली रचना त्या वादकाची. दुसऱ्या कोणाला हवी असेल तर त्या वादकाने ती त्याला अशीच समोर बसून द्यायची.

आमचे संगीत समोरासमोर चालत आलेले होते, ते 1902 पासून तबकडीवर गेले आणि तेव्हापासून आम्ही मैफल की ध्वनिमुद्रिका हा वाद घालत आहोत. रादीग विरुद्ध दिशेने चालत आल्या. आयुष्यभर जी गोष्ट टेपशिवाय अस्तित्वातच येत नव्हती, ती त्यांनी माणसांच्या हातात सोपवून टाकली. मला हे पटते. पटते म्हणूनच ‘ऑकॅम’मधल्या एखाद्या रचनेचे ध्वनिमुद्रण बाजारात आले की मी चिडतो: त्या दिवशी, त्या सभागृहात, त्या दमट किंवा कोरड्या हवेत जे झाले ते आता कायमचे प्रमाण ठरणार, आणि पुढचा शिष्य समोर बसण्याआधी तेच ऐकून येणार. चिडतो आणि विकतही घेतो. दुसरे काय करणार? पॅरिस-लंडनला जाऊन ऐकणे मला परवडणारे नाही, आणि तो गुरगुरणारा चेलो ऐकल्यावाचून राहणेही आता जमत नाही.